न बोललेला नवस

मी तोंडाची फटकळ बाई आहे. पेरूच्या बागेत मजूर बायका उन्हं वर आल्यावर आल्या तर मी बांधावरूनच त्यांचा समाचार घेते. आमच्या मालकांना माझ्या जिभेचा धाक आहे, आणि वस्तीवरच्या कुत्र्यांनाही असावा. अशा बाईनं डोक्यावरच्या तळहाताएवढ्या जागेपायी सगळ्या गावाशी खोटं बोलावं, आणि ते खोटं देवाच्या नावावर खपवावं, हे मला लिहितानाही नको वाटतंय. पण झालं ते असंच झालं.

राहात्याच्या जवळ आमची वस्ती आहे. घर, मागं गोठा, पुढं पेरूची बाग, बागेच्या कडेला पेरू भरायची पत्र्याची शेड. माझं सगळं आयुष्य ह्या एवढ्या जागेत गेलं, आणि मला त्याची तक्रार नाही. चाळिशी उलटल्यावर माझा भांग रुंद व्हायला लागला. माझ्या वडलांचं टक्कल लग्नातच चमकायचं, त्यामुळं मी म्हटलं, आपण बापाच्या वळणावर गेलो, दुसरं काय. केस गळतात त्याचं एवढं कौतुक करायला आम्हाला वेळ कुठं होता?

पण नुसते गळत नव्हते. डोक्याच्या मध्यावर खाज यायची, मग आग व्हायची. फणी लावली की काटा टोचल्यासारखं व्हायचं. उन्हातून आलं की टाळू तापलेली असायची. हळूहळू भांगाच्या दोन्ही बाजूंना एक चकचकीत पट्टा दिसायला लागला, त्याच्यात मधूनच एखादा चिवट केस. मी स्वतःच निदान करून मोकळी झाले. म्हटलं, चाई पडली.

चाई आमच्याकडं सगळ्यांना माहीत असते. डोक्यात कुठंतरी रुपयाएवढा गोल चट्टा पडतो, कुणी त्याला गुंजेचा पाला चोळतं, कुणी कांद्याचा रस, आणि बऱ्याचदा केस परत येतात. माझ्या चुलत भावाची चाई अशीच गेली होती. म्हणून मीही पाला ठेचला, कांदा कुटला आणि गोणपाटाच्या तुकड्यानं डोकं घासायला बसले. जितकी आग जास्त तितका गुण जास्त, अशी माझी समजूत. डोळ्यांतून पाणी यायचं, कातडी लालबुंद व्हायची, आणि मी दात आवळून म्हणायची, येतंय, मुळाशी लागतंय.

"डोक्याला काय लावतीस तू? सगळं घर वास मारतंय," मालक म्हणायचे.

"तुमच्या बिड्यांपेक्षा बरा हाय तो वास," मी म्हणायची.

एकदा मी त्यांना माझ्या टाळूचा मोबाईलवर फोटो काढायला सांगितला. मला स्वतःला मागचं दिसत नव्हतं. त्यांनी फोटो काढला, बघितला, आणि मोबाईल खिशात टाकला. "काय न्हाई, जरा इरळ झालेत," असं अगदी मऊ आवाजात म्हणाले. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी इतकं मऊ कधी बोलला नव्हता. मी खिशातून मोबाईल ओढून घेतला आणि फोटो बघितला. ते डोकं माझं आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मग नगरला गेलो. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. कातडीच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढ्या होत्या. त्यांनी एक छोटं दिव्याचं यंत्र टाळूला टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर माझं डोकं मोठं करून दाखवलं. कडेच्या केसांच्या बुडाशी पांढरी खपली दिसत होती, भोवती लाल. आणि मधे नुसती गुळगुळीत कातडी, तिच्यावर केसाचं साधं भोकसुद्धा नाही.

"काय लावलं होतं तुम्ही?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. गुंजेचं नाव काढल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी दोन शब्द परत बोलले तरी असते.

त्यांनी टाळूच्या कडेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट आल्यावर नीट समजावून सांगितलं. आजाराला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते मला आजही धड म्हणता येत नाही. वरून बघितलं तर वयानं पडतं तसंच टक्कल, मध्यावर, भांगाच्या कडेनं. पण आत दुसरंच चाललेलं असतं. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उठतं, मुळाशी सूज येते, आणि सूज ओसरते तेव्हा तिथं व्रण राहतो. साध्या टकलात मूळ बारीक होतं, पण असतं. चाईत मूळ झोपलेलं असतं. ह्यात मूळच राहत नाही.

"म्हणजे परत येणार न्हाईत?"

"गेले ते येणार नाहीत, मावशी. जे आहेत ते वाचवायचे."

मला पेरूच्या मर रोगाची आठवण झाली. मूळ कुजलेल्या झाडाला आम्ही पाणी घालत बसत नाही. शेजारचं झाड वाचावं म्हणून धडपडतो. हे मी दुसऱ्याला शंभरदा समजावून सांगितलं असेल, पण त्या खुर्चीवर बसून मला हुंदका आवरेना. मालक भिंतीवरची जाहिरात वाचत उभे राहिले.

उपचार सुरू झाले. टाळूत बारीक सुईनं जागोजागी इंजेक्शनं, रात्रीचं मलम, आणि एक गोळी, जी म्हणे मूळची मलेरियाची. त्या गोळीमुळं डोळे तपासून घ्यावे लागायचे. हे माझ्या पथ्यावरच पडलं. "नगरला कशाला जातीस सारखी?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "डोळे दाखवायला." ते अगदीच खोटं नव्हतं. बाईंनी बजावलं होतं, तेल चोळायचं नाही, पाला नाही, कांदा नाही, घट्ट वेणी नाही, उन्हात डोकं झाकायचं. डोकं झाकायला तर मी एका पायावर तयार होते.

बागेत स्कार्फ बांधणं नवीन नव्हतं. आमच्या सगळ्याच बायका उन्हासाठी साडीवर पुरुषी शर्ट घालतात आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळतात. पण मी घरातही तो सोडेना. लग्नाला गेले तर पदराच्या आत स्कार्फ, बारशाला गेले तर स्कार्फ. लोकांना डोळे असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, लई दिवस झाले, तुज्या डोक्याला तेल न्हाई, येणी न्हाई, सारखं ते फडकं. काय झालंय काय?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता ही हात पुढं करून स्कार्फ ओढते की काय. आणि माझ्या तोंडातून निघालं, "नवस हाय."

"कसला गं?"

"पोराचं लग्न हुईस्तवर डोक्याला तेल लावायचं न्हाई आन् डोकं उघडं टाकायचं न्हाई."

"कुणाला बोललीस?"

"नवस फिटंस्तवर देवाचं नाव घेत नसत्यात," मी ठणकावून सांगितलं. असा कुठलाही नियम नाही. मी तो तिथंच, वाणाची सुगडी हातात धरून तयार केला. आता आमच्या गावात बायका तो नियम जुना म्हणून एकमेकींना सांगतात.

त्या बाईचे डोळे भरून आले. तिनं वाकून मला नमस्कार केला. मी मागं सरकले, पण तेवढ्यात दुसरीनंही केला. घरी आल्यावर मी मालकांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून बसले. "अगं, साधं डोकं दुखतंय म्हणायचं," म्हणाले.

"तुमी हुतात का तिथं?" मी म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता.

खरं सांगू? काही दिवस मला बरं वाटलं. ज्या डोक्याची मला लाज वाटत होती त्याचा मान व्हायला लागला होता. किराणा दुकानात मला आधी माल मिळायचा. देवळात बायका मला पुढं बसवायच्या. मजूर बायकांना मी ओरडले तरी त्या म्हणायच्या, अहो, एवढ्या उन्हातान्हात बिनतेलाचं डोकं, चिडचिड होणारच. आणि मी ते सगळं गुमान घेत राहिले. एखादीनं आपल्या सुनेला "बघ, आई कशाला म्हणत्यात ते," असं मला दाखवून सांगितलं की मात्र जेवण गोड लागायचं नाही.

माझा मुलगा चाकणला कंपनीत कामाला, त्यालाही मी नवसाचंच सांगितलं होतं. आजकाल शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं अवघड, पण हा नोकरीला होता तरी जमत नव्हतं. शेवटी अकोले तालुक्यातलं स्थळ आलं, डोंगरातलं भातशेती करणारं घर. मुलगी शिकलेली, शांत. तिची आई बघायच्या कार्यक्रमात फार बोलली नाही. निघताना मात्र तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आमच्या पाव्हण्यांनी तुमच्या नवसाचं सांगितलं. मी तवाच ठरिवलं. जी बाई लेकासाठी एवढं सोसती ती सुनेला काय कमी करील? माजी पोर तुमच्या पदरात घालते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पदर सावरला आणि म्हणाले, "पोरीची काळजीच करू नका."

लग्न त्यांच्या बाजूच्या मंगल कार्यालयात होतं, आणि आदल्या संध्याकाळी दोन्ही हळदी तिथंच. नवस मुलाचं लग्न होईपर्यंतच होता, म्हणजे तो आता फिटणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी साड्या, मानपान, आचारी ह्यांत बुडालेली. आमच्या गावच्या बायकांच्या मात्र डोक्यात ते पक्कं होतं. त्यांनी परस्पर विहीणबाईंना कळवून ठेवलं होतं.

हळद लागली आणि न्हाणं निघालं. आमच्याकडं नवरदेवाच्या मागं वरमाईलाही पाटावर बसवतात, आणि पाच सवाष्णी तिच्या डोक्याला तेल घालतात. मी आधीच ठरवलं होतं की सर्दी झाली म्हणून सांगायचं, स्कार्फवरूनच दोन थेंब शिंपडून घ्यायचे. तेवढ्यात विहीणबाई हातात पितळेची वाटी घेऊन आमच्या खोलीच्या दारात आल्या. मागं दोन्हीकडच्या बायकांचा घोळका.

"आमच्या रानातल्या खुरासणीचं तेल हाय," त्या म्हणाल्या. "घाण्यावर काढून आणलंय मुद्दाम. तुमचा नवस मी माज्या हातानं फेडनार. डोकं मोकळं करा, विहीणबाई, फनी पन आनलीया."

बायकांनी गाणं सुरू केलं. कुणीतरी मला खांद्याला धरून पाटावर दाबलं. दोन दिवसांपूर्वीच टाळूत इंजेक्शनं घेतली होती, जागोजागी टिपके होते. मी दोन्ही हातांनी स्कार्फ धरला आणि म्हणाले, "मला जरा विहीणबाईंशी एकटीशी बोलायचंय." गाणं थांबलं. विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मानपानात काही राहिलं, आणि ही आता नवसाच्या नावानं काहीतरी मागणार.

मी त्यांना आतल्या सामानाच्या खोलीत नेलं, दार लावलं. तिथं रुखवताच्या परड्या होत्या, गाद्यांचा ढीग होता. मी स्कार्फ सोडला आणि डोकं वाकवलं. बाहेर डीजेवाला माईक तपासत होता.

"नवस कधीच नव्हता," मी म्हटलं. "हे हुतं. हे झाकाया मी खोटं बोलले."

त्या गाद्यांच्या ढिगावर बसल्या. वाटी मांडीवर. मी पुढं घाईघाईनं सांगत सुटले, हे लागट नाही, घाण नाही, उपचार चालू आहेत, आता वाढत नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"केसाचं न्हवं वो," त्या म्हणाल्या. "मला केसाचं काय करायचंय? पन मी त्या नवसाकडं बघून पोर दिली."

जन्मभर मी कुणाला उत्तर द्यायची राहिले नव्हते. तिथं मी हळदीनं माखलेल्या हातांनी उघडं डोकं झाकत उभी राहिले, आणि धरणीनं पोटात घ्यावं असं खरोखर वाटलं.

बाहेरून बायका दार वाजवायला लागल्या. विहीणबाई उठल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, माझ्या हातातला स्कार्फ घेतला आणि स्वतः माझ्या डोक्याला बांधला, घट्ट नाही, हलक्या हातानं. मग दार उघडून त्या घोळक्याला म्हणाल्या, "तेल आज न्हाई घालायचं. आपलं ऐकन्यात चुकलं. ह्यांचा नवस नुसत्या लग्नाचा न्हवता, पयल्या नातवंडाचा हाय. बाळ पाळन्यात आलं का मग मीच येईन तेल घेऊन."

बायका हळहळल्या, कौतुक करायला लागल्या. एकीनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. गर्दीत विहीणबाई माझ्या कानाशी आल्या आणि दातांत बोलल्या, "आज दोन्ही घरांची अब्रू झाकली. आता पोरीला खरं तुमी सांगायचं. मी न्हाई सांगनार. सासू खोटी निघाली हे तिला आईच्या तोंडून कळलं तर ती तुमच्या घरात पाय कसा टाकील?"

"सांगते," मी म्हटलं. "पाचपरतावनं झालं की सांगते."

पाचपरतावणं झालं, पोर माहेरी जाऊन परत आली. मी सांगितलं नाही. नवी पोर, हातावरची मेंदी अजून ओली, तिला काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. मग ती दोघं चाकणला गेली, तीही तिथं कामाला लागली. आखाडात आली तेव्हा सांगणार होते, तर तिला ताप होता. दसऱ्याला सांगणार होते, तर घर पाहुण्यांनी भरलेलं. विहीणबाईंचा फोन यायचा, इकडचं तिकडचं बोलून झालं की त्या विचारायच्या, "सांगितलं का?" मी म्हणायची, "ह्या सणाला नक्की." पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटतं, त्यांना वाटलं असणार की एव्हाना सांगून झालं. मीही त्यांना तसं वाटू दिलं.

माझं डोकं मात्र सुधारत होतं, म्हणजे बिघडायचं थांबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, कडेची लाली गेली, खपली गेली. कडेचे केस तग धरून होते. मध्यावरचा गुळगुळीत पट्टा तसाच. "हेच आपलं यश," त्या म्हणाल्या. "अजून काही वर्षं शांत राहिलं तर केस बसवायचा विचार करता येईल, पण घाई नको." इंजेक्शनांमधलं अंतर वाढवलं. मी खुशीत घरी आले. त्या खुशीत माझ्या हे लक्षातच आलं नाही की माझ्या डोक्याचं ओझं मी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून आले आहे.

सूनबाई सुट्टीला वस्तीवर आली की बायका तिला गाठायच्या. "काय गं, सासूच्या डोक्याला तेल कवा लागायचं?" हसून विचारायच्या, कुचकेपणानं नाही. देवळात, दळणाला, बसस्टॉपवर. कुणी तिला खारीक द्यायचं, कुणी अंगारा. मी समोर असले की म्हणायची, "अगं, गप बसा गं, पोरीच्या मागं लागू नका." ह्याच्या पुढं माझी जीभ जात नव्हती. जिच्या जिभेला बाग घाबरते ती बाई तेवढ्यावर गप्प बसायची. पोर खाली बघून हसायची आणि माझ्या मागून घरी यायची.

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यातला बहर तोडणीला आला होता. मुलगा आणि मालक माल घेऊन बाजारला गेले होते, मजूर बायका जेवायला झाडाखाली बसल्या होत्या. शेडमध्ये मी आणि सूनबाई दोघीच, पेरूला जाळी चढवून क्रेट भरत होतो. ती माझ्यापेक्षा सावकाश भरत होती, म्हणून मी नेहमीच्या सवयीनं म्हटलं, "हात चालव जरा, बाजार काय आपल्यासाठी थांबत न्हाई."

तिनं हातातला पेरू खाली ठेवला आणि रडायला लागली. आधी मला वाटलं, माझ्या बोलण्याचंच लागलं. मी पुढं सरकले तर तिनं माझे पाय धरले.

"आई, मला माफ करा," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुमचा नवस अडकलाय."

मी तिला उठवायला बघितलं, ती उठेना. तिनं सगळं सांगितलं. चाकणला डॉक्टरला दाखवलं होतं, दोघांनीही. दोष कुणात नाही, वेळ लागेल म्हणाले. पण ती रोज रात्री अंथरुणावर पडली की तिला माझं बिनतेलाचं डोकं डोळ्यांसमोर यायचं. तिनं सोमवार धरला होता, गुरुवार धरला होता, चतुर्थी धरली होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तो ओरडला असता म्हणून. उपासाच्या दिवशीही डबा घेऊन जायची आणि कामावरच्या मैत्रिणींना वाटून टाकायची.

"आणि मी पण तेल सोडलंय, आई," ती म्हणाली. "तुम्ही एवढं सोसता, मग मी कशी लावू?"

तिनं डोक्यावरची ओढणी मागं सारली. तिचे केस लग्नात कमरेपर्यंत होते, काळेभोर. आता ते भुरकट, राठ झाले होते, टोकांना फाटे फुटलेले. मी इतक्या वेळा तिला जवळून बघितलं होतं. मला वाटायचं, शहरातल्या पाण्याचा गुण.

मी क्रेटवर बसले आणि स्कार्फला हात घातला. गाठ सुटेना, म्हणून ओढूनच काढला. मालक, डॉक्टरीणबाई आणि विहीणबाई सोडल्या तर हे डोकं मी कुणासमोर उघडं केलं नव्हतं.

"नवस नव्हता गं," मी म्हटलं. "कधीच नव्हता. हे हुतं."

ती रडायची थांबली. तिला कळायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "आणि ते नातवंडाचं?"

"ते हळदीच्या दिवशी निघालं. मला वाचवाया."

"मम्मीला माहीत होतं?"

तोंडात 'न्हाई' आलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपोआपच आलं. मी ते गिळलं. "हुतं," मी म्हटलं. "तिनंच झाकलं. पन तुला सांगायचं मला बजावलं हुतं. तवाच. मीच सांगितलं न्हाई."

तिनं काही म्हणायच्या आत मी बोलत सुटले. गुंजेचा पाला सांगितला, कांदा सांगितला, डॉक्टरीणबाई, पडदा, बुजलेली भोकं, सुया, गोळ्या, सगळं सांगितलं. डोकं तिच्यासमोर अगदी खाली वाकवलं. बोटानं केस बाजूला करून दाखवायला लागले. "हे बघ, ही कड, ही आता थांबलीया. हे मधलं गेलं ते गेलं. हात लावून बघ, लागत न्हाई मला. बघ की." सगळी वर्षं जी जागा मी जिवापाड झाकली, ती कुणीतरी आता नीट बघावी, हात लावावा, आणि म्हणावं की हो आई, खरंच एवढं होतं, तुम्ही तरी काय करणार, असं मला वाटत होतं.

हात लागला नाही. मी मान वर केली. ती माझ्या डोक्याकडं बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.